सवलत आधी, जबाबदारी नंतर: खासगी आरोग्यसेवा आणि सार्वजनिक हिताचा हिशोब

आपण एका जिल्हा रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर अशासकीय सदस्य आहात. रुग्णालयातील डायलिसिस आणि सीटी स्कॅन हे दोन विभाग खासगी संस्थेला चालवायला देण्याचा प्रस्ताव समितीपुढे आला आहे. करसवलती घेऊन न्यास चालवतात त्या धर्मादाय रुग्णालयांचा आजवरचा अनुभव पाहता अशा भागीदारीत गरीब रुग्णाचे हित टिकते का, आणि सरकारने खासगी क्षेत्राला कठोरपणे बांधावे की मोकळे सोडावे, असे आपण विचारले आहे. सार्वजनिक आरोग्य प्रशासनात आणि पुढे रुग्णालयांच्या तपासणीच्या कामात बराच काळ घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की कठोर की मोकळे हा वाद मूळ मुद्द्याला बगल देतो. खरा प्रश्न देवाणघेवाणीच्या क्रमाचा आहे. आपल्याकडे सरकार जे देते ते आधी, एकरकमी आणि सहसा परत घेता येणार नाही अशा रूपात देते. त्याच्या बदल्यात समाजाला जे मिळायचे असते ते मात्र वर्षानुवर्षे, रोज थोडेथोडे आणि मोजायला कठीण अशा रूपात मिळायचे असते. हा क्रम बदलला नाही तर कायद्याची भाषा कितीही कडक असली तरी उपयोग होत नाही.

याचे जुने आणि स्वच्छ उदाहरण सीमाशुल्काचे आहे. १ मार्च १९८८ च्या केंद्रीय अधिसूचनेने रुग्णालयांना परदेशी उपकरणे शुल्क न भरता आणण्याची मुभा दिली. अट अशी होती की बाह्यरुग्णांपैकी सरासरी ४० टक्के रुग्णांवर मोफत उपचार करावेत आणि मासिक ५०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवाव्यात. यंत्र बंदरातून सुटले की सरकारचे शुल्क बुडाले ते बुडाले. त्यानंतर ४० टक्के रुग्ण खरोखर मोफत पाहिले जातात का, हे दररोज मोजणारी यंत्रणा ना सीमाशुल्क विभागाकडे होती, ना आरोग्य सेवा महासंचालनालयाकडे. ही सूट १९९४ मध्ये बंद झाली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ही जबाबदारी आयातीच्या दिवसापुरती नसून सतत चालणारी आहे असे स्पष्ट केले, पण तोवर यंत्रे जुनी झाली होती आणि नोंदवह्याही मिळेनाशा झाल्या होत्या.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांची गोष्ट याच वळणाची आहे, मात्र तिच्यातून शिकण्यासारखे अधिक आहे, कारण इथे योजना बारकाईने लिहिलेली आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक नुसार धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांवर गरिबांसाठी खाटा राखण्याचे बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयापुढील जनहित याचिकेतून तयार झालेली सविस्तर योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली. तिच्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीच्या दरात द्यायच्या आहेत. इतर सर्व रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' या स्वतंत्र खात्यात, कोणतीही वजावट न करता, जमा करायची आहे. खाट, परिचर्या, जेवण, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे निर्धन रुग्णाकडून घ्यायचे नाहीत, आणि औषधे व रोपणाचे (शरीरात बसवायचे) साहित्य रुग्णालयाच्या खरेदी किमतीलाच धरून त्याचा खर्च निधीत दाखवायचा आहे. तातडीच्या प्रसंगी रुग्णाला आधी दाखल करून त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करायचे, हेही त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाने गरोदर स्त्रीच्या कुटुंबाकडे मोठी अनामत रक्कम मागितल्याच्या आरोपावरून राज्यभर क्षोभ उसळला, तेव्हा अनेकांना वाटले की नवा कायदा हवा. हवे होते ते नियमात आधीच होते.

मग अडते कुठे? पहिली अडचण नियामकाच्या घडणीत आहे. धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय मुळात न्यासांची नोंदणी, विश्वस्तांच्या बदलांचे अर्ज, मालमत्तेच्या विक्रीची परवानगी आणि हिशोबांची छाननी यांसाठी उभे राहिले. तिथले निरीक्षक लेखे वाचू शकतात, पण अमुक रुग्णाला अमुक दिवस अतिदक्षता विभागात ठेवण्याची गरज होती का, किंवा निधीत दाखवलेला रोपणाचा दर हा पुरवठादाराच्या सवलतीनंतरचा आहे की आधीचा, हे ठरवण्यासाठी वैद्यकीय लेखापरीक्षक लागतो. राज्यात अशी रुग्णालये चारशेहून अधिक आहेत. तपासणी पथके जातात, तक्ते भरून घेतात, कुठे किती खाटा राखीव आहेत हे पाहतात आणि परततात. राखीव खाटेची नोंद आणि त्या खाटेवर योग्य रुग्ण पोहोचणे यांत जे अंतर असते ते तक्त्यात दिसत नाही.

दुसरी अडचण रुग्णालयाच्या दारातली आहे आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. सवलत मिळण्यासाठी रुग्णाने वैद्यकीय समाजसेवकाकडे जाऊन शिधापत्रिका किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला द्यायचा असतो. हा समाजसेवक रुग्णालयाचा पगारी नोकर असतो, म्हणजे ज्या संस्थेचा खर्च वाढणार तिच्याच माणसाने पात्रता ठरवायची. त्यातले अनेक जण मनापासून काम करतात, मी तसे पाहिले आहेत. परंतु व्यवस्थेची रचना त्यांच्या विरुद्ध काम करते. रुग्णालयात आल्यावर चौथ्या दिवशी नातेवाईक दाखला घेऊन आला तर आधीच्या तीन दिवसांचे बिल कोणत्या दराने लावायचे, यावर जितके वाद मी ऐकले आहेत तितके कदाचित दुसऱ्या कोणत्याही मुद्द्यावर ऐकले नसतील.

रुग्णालयांची बाजूही मांडली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. मोठ्या शहरातील मोठ्या धर्मादाय रुग्णालयाचे २ टक्के म्हणजे भरपूर रक्कम असते आणि ती अनेकदा शिल्लकही राहते. तालुक्याच्या गावातील ३० खाटांच्या न्यास रुग्णालयाची एकूण बिलेच कमी असतात, तिथे येणारे बहुसंख्य रुग्ण गरीब असतात आणि निधी लवकर संपतो. दोघांना एकच टक्केवारी लावल्यामुळे जिथे पैसा आहे तिथे निर्धन रुग्ण पोहोचत नाहीत आणि जिथे रुग्ण आहेत तिथे पैसा पोहोचत नाही. या निधीचे जिल्हा पातळीवर एकत्रीकरण करावे, असे माझे बऱ्याच वर्षांचे मत आहे. न्यासांना ते पटत नाही, आणि कायदेशीरदृष्ट्या ते सोपेही नाही.

दर ठरवण्याच्या मार्गाने समतोल साधता येतो का, असेही आपण सुचवले आहे. करोनाकाळात महाराष्ट्राने हा प्रयोग केला. ३० एप्रिल आणि २१ मे २०२० च्या अधिसूचनांनी खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा सरकारी दराखाली आणल्या: सर्वसाधारण कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरविना अतिदक्षतेसाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. महागडी औषधे, संरक्षक पोशाख आणि काही तपासण्या या दरांच्या बाहेर होत्या. बिले तपासायला बसलेल्या प्रत्येकाला काही आठवड्यांतच कळले की फुगवटा नेमका याच बाहेर ठेवलेल्या ओळींत येतो. मुंबई महापालिकेने खासगी रुग्णालयांमध्ये लेखापरीक्षक नेमले, रुग्ण घरी जाण्यापूर्वीच बिल पाहण्याची सोय केली, आणि तिथे दराला अर्थ आला. जिथे लेखापरीक्षक नव्हता तिथे तोच दर फलकावरच राहिला. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने करोनाबाधित नसलेल्या रुग्णांसाठी दर ठरवण्याचा अधिकार सरकारला या अधिसूचनांतून मिळत नाही, असा निर्णय दिला. याचा अर्थ दरनियंत्रण अशक्य आहे असा नव्हे. साथीच्या कायद्याच्या आधाराने नेहमीच्या काळातील नियमन उभे करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

वस्तूची किंमत बांधणे तुलनेने सोपे असते. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने हृदयातील स्टेंटची, म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीची, कमाल किंमत ठरवली. औषधवेष्टित स्टेंट, ज्यासाठी रुग्ण लाखाच्या वर पैसे मोजत होते, तो करांव्यतिरिक्त २९,६०० रुपयांवर आला, आणि साधा धातूचा स्टेंट ७,२६० रुपयांवर. स्टेंट मोजता येतो, त्यावर क्रमांक असतो, बिलात तो वेगळा दिसतो, म्हणून हा निर्णय टिकला. सेवा तशी मोजता येत नाही. स्टेंट स्वस्त झाल्यावर स्टेंट बसवण्याच्या कक्षाचे (कॅथलॅबचे) शुल्क किंवा डॉक्टरांचे शुल्क वाढवण्यापासून रुग्णालयाला रोखणारे काहीही नव्हते.

केंद्राचा वैद्यकीय आस्थापना अधिनियम २०१० चा आहे. त्याच्या २०१२ च्या नियमांत दर ठळकपणे लावण्याची आणि सरकारने ठरवलेल्या मर्यादेत आकारण्याची तरतूद आहे. त्या मर्यादा प्रत्यक्षात ठरल्या नाहीत म्हणून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकारला खडसवावे लागले. महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारलेला नाही. आपल्याकडे अजूनही १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम चालतो. त्याच्या नियमांत २०२१ मध्ये रुग्णहक्कांची सनद, दरपत्रक लावणे आणि तक्रार निवारणाची व्यवस्था यांची भर पडली, ही चांगली सुधारणा आहे. मात्र तिची अंमलबजावणी महापालिकेच्या त्याच आरोग्य अधिकाऱ्याकडे आहे ज्याच्याकडे लसीकरण, डेंग्यू आणि जन्ममृत्यूच्या नोंदीही आहेत. पश्चिम बंगालने २०१७ मध्ये निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली, भरपाई देण्याचा अधिकार असलेला स्वतंत्र आयोग नेमला. त्याच्यावर टीका होते, परंतु नियमन हेच ज्याचे मुख्य काम आहे अशी एक संस्था तिथे आहे, ही गोष्ट लहान नाही.

राजस्थानचा अनुभव मला सर्वांत बोलका वाटतो. २१ मार्च २०२३ रोजी तिथे आरोग्याच्या हक्काचा कायदा मंजूर झाला आणि खासगी डॉक्टरांनी काम बंद केले. त्यांचा मुख्य आक्षेप असा होता की तातडीच्या उपचारांची सक्ती आहे, पण पैसे कोण आणि कधी देणार याची खात्री नाही. ४ एप्रिलला झालेल्या समझोत्यात ५० पेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालये आणि सरकारकडून सवलतीत जमीन किंवा इमारत न घेतलेली रुग्णालये यांना कायद्यातून वगळण्याचे ठरले. अनेकांनी हा सरकारचा पराभव मानला. मी तसे मानत नाही. ज्याने समाजाकडून काही घेतले आहे त्याच्याकडून मागणे आणि ज्याने काही घेतलेले नाही त्याच्याकडून विकत घेणे, हा भेद त्या समझोत्याने निदान मान्य केला. दहा-पंधरा खाटांचे रुग्णालय चालवणारे डॉक्टर दांपत्य आणि शेअर बाजारात नोंदलेली रुग्णालयसाखळी यांना एकाच तराजूत तोलण्याची आपली सवय नियमनाचे फार नुकसान करते. लहान रुग्णालय परवान्यांच्या कागदांखाली दबते, आणि मोठ्या रुग्णालयाला ते कागद सांभाळण्यासाठी स्वतंत्र विभाग ठेवणे परवडते.

विकत घेण्याचा मार्ग म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर पोहोचली आणि २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. इथे क्रम योग्य आहे: आधी उपचार, मग दावा, मग पैसे. म्हणूनच तिची नोंद धर्मादाय योजनेपेक्षा कितीतरी चांगली आहे. प्रत्येक दाव्यामागे छायाचित्र, तपासणी अहवाल आणि घरी सोडल्याचा कागद असतो. तिचे दोष वेगळे आहेत. ज्या उपचाराचे पॅकेज, म्हणजे योजनेने ठरवून दिलेली एकूण रक्कम, परवडते तेच रुग्णालय उत्साहाने करते. दावे उशिरा मिळाले की सगळ्यांत आधी लहान रुग्णालये बाहेर पडतात. आणि पॅकेजमध्ये न बसणारा खर्च रुग्णाकडून वेगळ्या पावतीवर घेतला जातो, हे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, कळत असले तरी ते सिद्ध करणे त्याच्या हातात नसते. शिवाय खासगी रुग्णालये शहरांत आहेत, त्यामुळे गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णाच्या हाती कार्ड असले तरी ते वापरायला त्याला प्रवास करावाच लागतो.

आता आपल्या समितीपुढील प्रस्तावाकडे येतो. डायलिसिससाठी २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ठरलेली वाटणी अशी आहे की जागा, वीज आणि पाणी रुग्णालयाने द्यायचे, तर यंत्रे, शुद्ध पाण्याचे संयंत्र, डायलायझर (रक्त गाळणारी नळी) आणि मनुष्यबळ खासगी भागीदाराने आणायचे. ही वाटणी मुळात वाईट नाही, कारण इथे सरकार एकरकमी काही देऊन टाकत नाही, प्रत्येक डायलिसिसमागे पैसे देते. धोके तपशिलात आहेत. किमान इतके रुग्ण येतीलच अशी हमी करारात दिली असेल तर रुग्ण न आल्याचा तोटा रुग्णालयाचा होतो, म्हणून अशी हमी देऊ नये किंवा ती फार खाली ठेवावी. पैसे रुग्णाच्या सहीवर नव्हे, तर यंत्रातून निघणाऱ्या सत्राच्या नोंदीवर द्यावेत. पाण्याची जिवाणू आणि रासायनिक तपासणी भागीदाराने निवडलेल्या प्रयोगशाळेत न करता रुग्णालयाने निवडलेल्या प्रयोगशाळेत करावी आणि तिचा अहवाल समितीपुढे दर महिन्याला यावा. डायलायझर किती वेळा पुन्हा वापरला, याची नोंद रुग्णनिहाय हवी. रात्री रुग्णाची प्रकृती बिघडली तर जबाबदारी कोणत्या डॉक्टरची, हे करारात नावाने नव्हे, तर पदाने लिहावे. हा मुद्दा बहुतेक करारांत संदिग्ध असतो आणि भांडण नेमके त्यावरच होते.

सीटी स्कॅनबाबत मी अधिक सावध आहे. डायलिसिसची गरज रुग्णाच्या आजारावरून बरीचशी ठरते, पण स्कॅनची गरज डॉक्टर ठरवतो. भागीदाराचे उत्पन्न स्कॅनच्या संख्येवर असेल आणि स्कॅन लिहून देणारा डॉक्टर त्याच आवारात बसत असेल तर संख्या वाढते. कट प्रॅक्टिसविरोधी, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरने घेतलेल्या दलालीविरोधी, कायद्याचा मसुदा महाराष्ट्रात २०१७ मध्ये तयार झाला, कायदा मात्र झाला नाही, त्यामुळे या बाबतीत करारावरच विसंबावे लागेल. दर महिन्याला डॉक्टरनिहाय आणि विभागनिहाय स्कॅनची संख्या समितीला मिळेल, आणि त्यातील काही अहवाल जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील क्षकिरणतज्ज्ञाकडून पुन्हा वाचून घेतले जातील, अशी तरतूद आग्रहाने मागावी.

मुंबईत मरोळ येथे महापालिकेच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या सेव्हन हिल्स रुग्णालयाचे प्रकरण करार करणाऱ्या प्रत्येकाने वाचावे. २० टक्के खाटा महापालिकेच्या रुग्णांसाठी, अशी तिथली अट होती. तिच्या अंमलबजावणीवरून आणि भाडेपट्ट्यावरून वाद वाढत गेला, पुढे कंपनी दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेली, आणि तिथे मंजूर झालेली पुनर्रचना योजना १५ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण महापालिकेच्या मालमत्तेची विल्हेवाट तिच्या संमतीशिवाय लावता येत नाही. सुदैवाने मुंबई महानगरपालिका अधिनियमात तशी तरतूद होती. काही महिन्यांतच करोना आला आणि ती इमारत शहराच्या उपयोगी पडली. आपल्या करारातही भागीदार आर्थिक अडचणीत आला तर यंत्रे कोणाची, ती जागेवरून हलवता येतील का, आणि रुग्णालय सेवा तत्काळ ताब्यात घेऊ शकेल का, याची कलमे हवीत.

शेवटची बाब करारात कोणी लिहीत नाही, पण मी ती सर्वांत महत्त्वाची मानतो. विभाग बाहेर देताना रुग्णालयातील तंत्रज्ञांची पदे सहसा रिक्त ठेवली जातात किंवा रद्द होतात. मग मुदत संपते तेव्हा रुग्णालयाकडे ती सेवा स्वतः चालवणारा एकही माणूस उरलेला नसतो, नूतनीकरणाच्या चर्चेत भागीदार जो दर सांगेल तो मान्य करावा लागतो, आणि समितीला दुसरा पर्यायच नसतो. म्हणून प्रस्तावाला संमती देण्यापूर्वी किमान एक सरकारी डायलिसिस तंत्रज्ञ आणि एक क्षकिरण तंत्रज्ञ ही पदे भरलेली राहतील, ते भागीदाराच्या यंत्रांवर नियमित काम करतील आणि त्यांचा पगार रुग्णालयाच्या आस्थापनेतूनच निघेल, अशी लेखी अट घाला. जिल्हा शल्यचिकित्सक ती मान्य करायला तयार नसतील, तर प्रस्ताव पुढच्या बैठकीपर्यंत थांबवण्याचा आग्रह धरा आणि आपले मत इतिवृत्तात नोंदवून घ्या.